आवळीच्या थांब्यावरचा दगड

एका जंगलात, मुलांनो, एक रेल्वे होती. जंगलात रेल्वे कशी, असं विचारू नका. जंगलात मंत्रिमंडळ होतं, कचेऱ्या होत्या, मग रेल्वेनंच काय घोडं मारलं?

ही गाडी जांभूळखोऱ्याहून निघायची आणि देवतळ्याला पोचायची. मध्ये सात थांबे. पूर्वी ती सरकारच चालवायचं. हत्तीणबाई चढेपर्यंत ती थांबायची. ससे आपली पोरं मोजेपर्यंत थांबायची. कुणाचं घरी विसरलेलं गाठोडं येईपर्यंतसुद्धा थांबायची. प्राणी तिला शिव्या देत आणि तिच्यातच बसून जात.

एक दिवस वाघमहाराज म्हणाले, "गाडी चालवणं हे राजाचं काम नव्हे. गाडीवर लक्ष ठेवणं हे राजाचं काम."

म्हणून गाडी बारा वर्षांच्या ठेक्यावर तरसशेठना दिली. लक्ष ठेवायला देखरेख मंडळ नेमलं. अध्यक्ष झाले बगळेसाहेब. एका पायावर उभं राहून तासन्‌तास एकाच जागी बघत राहण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. सदस्य म्हणून एक घार, एक ससाणा आणि एक निवृत्त गिधाड. मंडळावर सगळे उडणारेच का, असं कुणीतरी विचारलं. महाराज म्हणाले, "जो गाडीत बसतो, तो गाडीकडे तटस्थपणे कसा बघेल?"

हे सगळ्यांना पटलं.

कराराची मुख्य अट एकच होती. गाडी देवतळ्याला रोज वेळेवर पोचली पाहिजे. तीनदा उशीर झाला की ठेका रद्द.

पहिल्याच आठवड्यात दोनदा उशीर झाला. तरसशेठ स्वतः गाडीत बसले आणि उशीर नेमका कुठं होतो ते बघत गेले. तो थांब्यांवर होत होता. मग गाडी थांब्यांवर थांबेनाशी झाली. तिसरा उशीर कधी झालाच नाही.

आता आवळीच्या थांब्याजवळ एक खवल्या राहायचा. त्याचं नाव दाजीबा. खवल्या म्हणजे अंगभर खवले असलेला, मुंग्या-वाळवी खाऊन राहणारा गरीब प्राणी. पुढच्या पायांची नखं आत मुडपून तो चालतो, त्यामुळे फार हळू चालतो. दाजीबाची बायको तुळसा देवतळ्याला अस्वलीणबाईंच्या दवाखान्यात होती. तिला धाप लागायची. अस्वलीणबाई हुशार होत्या, पण कडक होत्या. "रोज येऊ नका," त्या म्हणाल्या होत्या. "तुम्ही आलात की ती बोलत बसते. बुधवारी या."

म्हणून दाजीबा दर बुधवारी जायचा. घरामागच्या वारुळातली वाळवी पळसाच्या पानात बांधून न्यायचा. देवतळ्याची वाळवी तुळसाला बेचव लागायची.

एका बुधवारी नऊ वाजून बारा मिनिटांनी गाडी आली आणि गेली.

दाजीबा थांब्यावरच्या सरडेमास्तरांकडे वळला. गाडी थांबवायची असली की मास्तर लाल व्हायचे, सोडायची असली की हिरवे. त्यांची नेमणूकच त्यावर झाली होती.

"मास्तर, गाडी थांबली नाही."

"बघितलं मी."

"पण का?"

"वेळेवर होती."

"वेळेवर असलेली गाडी थांबत नाही?"

"थांबली असती तर वेळेवर राहिली असती का, दाजीबा?"

"मग तुम्ही जरा लाल व्हायचं होतं."

"ठेकेदारांचं पत्र आलंय. कायम हिरवं राहायचं." मास्तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मानेला रग लागलीय हो. घरी गेलो तरी उतरत नाही. बायको म्हणते, हा काय रंग घेऊन आलात."

पुढच्या बुधवारीही तसंच झालं. मग दाजीबानं तक्रार करायची ठरवली. नियमाप्रमाणे तक्रारवही गाडीत ठेवलेली होती. तेव्हा त्यानं पानावर चार ओळी लिहिल्या आणि कावळ्याकरवी मंडळाकडे पाठवल्या.

मंडळानं तक्रारीची गंभीर दखल घेतली. तिसऱ्या बुधवारी बगळेसाहेब स्वतः पाहणीला आले. उडत आले. बरोबर तरसशेठचा वकील होता, एक कोल्हा. तो आदल्या दिवशीच येऊन राहिला होता, कारण गाडी तिथं थांबत नाही हे त्याला माहीत होतं.

"करारात स्पष्ट लिहिलंय, साहेब," कोल्हा म्हणाला. "थांब्यावर प्रवासी दिसला तर गाडी थांबेल. आमच्या चालकाला इथं प्रवासी दिसलेलाच नाही."

"मी होतो ना इथं!" दाजीबा म्हणाला.

"ते आज कळेलच," असं म्हणून बगळेसाहेबांनी एक पाय वर घेतला.

नऊ वाजून अकरा मिनिटांनी गाडीची शिट्टी झाली. आणि मुलांनो, खवल्या जातीची एक खोड आहे. मोठा आवाज झाला की खवल्या अंगाचं वेटोळं करून घेतो. मग तो नुसता गोल धोंडा दिसतो. वाघ आला तर हे फार उपयोगी पडतं.

गाडी निघून गेली. दाजीबानं हळूहळू डोकं बाहेर काढलं.

बगळेसाहेब लिहीत होते. "नऊ बाराला गाडी वेळेवर. थांब्यावर प्रवासी नाही. एक दगड आहे."

"साहेब, तो दगड मीच होतो."

"असाल. पण चालकानं दगड पाहून गाडी थांबवली, तर उद्या प्रत्येक दगडापाशी थांबवावी लागेल."

"जंगलात दगड किती आहेत!" कोल्हा कळवळून म्हणाला.

बगळेसाहेब न्यायी होते. ते म्हणाले, "पुढच्या बुधवारी फेरपाहणी करू. या खेपेस प्रवासी म्हणून उभे राहा."

दोन दिवसांनी कावळा निरोप घेऊन आला. तो नेहमीसारखा ओरडला नाही, नुसता फांदीवर बसला.

"अस्वलीणबाई म्हणाल्या, या बुधवारी या. पुढच्या बुधवारचं सांगता येत नाही."

चालत जायचं तर दाजीबाला आठ दिवस लागणार होते. बुधवारला पाच होते. म्हणजे गाडीच हवी होती, आणि गाडीसाठी उभं राहायला हवं होतं.

ते पाच दिवस दाजीबा उभं राहायला शिकला. सरडेमास्तर झाडामागून शिट्टी मारायचे आणि दाजीबाचं वेटोळं व्हायचं. पुन्हा शिट्टी, पुन्हा वेटोळं.

"अहो, मी मारतोय शिट्टी, मी!" मास्तर म्हणायचे. "मला काय भ्यायचं?"

"मी भीत नाही हो. अंगच मिटतं."

"मग तुळसावहिनींना डोळ्यांपुढं आणा."

दाजीबानं डोळे मिटले. मग म्हणाला, "मारा शिट्टी."

त्या वेळी तो अर्धाच मिटला.

बुधवार आला. बगळेसाहेब आले, कोल्हा आला. शिट्टी झाली. रूळ थरथरले. दाजीबा मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पुडी छातीशी धरून. त्याचा प्रत्येक खवला खडखड वाजत होता. पण तो मिटला नाही. त्याच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नव्हतं. इंजिनातल्या रानगव्यानं त्याला नीट पाहिलं, मानही हलवली. मास्तर तर लाल झाले! पत्र आल्यापासून पहिल्यांदाच. कडेकडेनं थोडे हिरवे राहिले, इतकंच.

गाडी नऊ बाराला आली आणि गेली.

"आता?" दाजीबानं विचारलं. "आता तर दिसलो ना?"

"दिसलात," बगळेसाहेब म्हणाले. "उत्तम दिसलात."

कोल्हा खाकरला. "दिसले, यात वादच नाही, साहेब. पण प्रवासी दिसला का? प्रवासी म्हणजे प्रवास करणारा. हे गृहस्थ गेल्या चार आठवड्यांत कुठंही गेलेले नाहीत."

बगळेसाहेबांनी दुसरा पाय खाली ठेवला. हे फार क्वचित घडायचं. त्यांनी बराच विचार केला.

"मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले, आणि लिहिलं, "थांब्यावर एक बघ्या उभा होता."

दाजीबानं वाद घातला नाही. पुडी पाठीला बांधली आणि रुळांच्या कडेनं चालू लागला. रोज सकाळी गाडी त्याला मागून गाठायची आणि पुढं निघून जायची. अगदी वेळेवर. तिच्या मागोमाग मंडळाची घार उडत जायची, वेळ टिपायला.

आठ दिवस चालून, गुरुवारी, तो देवतळ्याला पोचला. स्थानकावर पताका लावल्या होत्या. गाडी सलग तीस दिवस वेळेवर आली होती म्हणून समारंभ होता. वाघमहाराज हार घेऊन उभे होते. गाडी आली. वाजंत्री वाजली. दारं उघडली. कुणीच उतरलं नाही.

"रिकामी दिसते," महाराज म्हणाले.

"गर्दीची फार जुनी तक्रार होती, महाराज," तरसशेठ नम्रपणे म्हणाले. "तीही मिटली."

महाराजांनी तिथल्या तिथं ठेका आणखी बारा वर्षांनी वाढवला.

दाजीबा त्या गर्दीतून वाट काढत दवाखान्यात गेला. अस्वलीणबाई दारातच भेटल्या. त्यांनी त्याला आधी बसायला सांगितलं. एरवी त्या कुणाला बसा म्हणत नसत.

"कधी?" त्यानं विचारलं.

"काल. गाडी आली, त्यानंतर थोड्या वेळानं."

दाजीबानं पाठीवरची पुडी सोडली.

"दर बुधवारी शिट्टी ऐकली की मान उचलायची," बाई म्हणाल्या. "म्हणायची, आज वेळेवर आली हो, आता येतीलच. मग संध्याकाळपर्यंत दाराकडे बघायची." मग म्हणाल्या, "मी तिला सांगितलं, गाडी वेळेवर असली तरी माणसाला कामं असतात."

दाजीबा म्हणाला, "बरं केलंत."

त्या वर्षी मंडळाचा अहवाल निघाला. छान कागदावर छापला होता. त्यात शेवटच्या पानावर आवळीचा उल्लेख होता. "या थांब्यावरून वर्षभरात एकच तक्रार आली. तक्रारदाराचं देवतळ्याला आता काही काम उरलेलं नसल्याचं चौकशीत आढळलं. तक्रार निकाली."

तात्पर्य: मुलांनो, गाडीला उगाच नावं ठेवू नयेत. ज्या गाडीवर चांगलं लक्ष ठेवलेलं असतं, तिला उशीर होत नाही. उशीर आपल्याला होतो.