आमच्या घरात निरक्षर कोणी नाही

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत निरक्षर माणूस झालेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. म्हणजे या श्रावणापर्यंत सांगत होतो. पणजोबा देवासच्या दरबारात कारकून, आजोबा दप्तरात, वडील मास्तर आणि मी नायब तहसीलदार. मध्य प्रदेशातल्या गंधवानी आणि डही भागात नोकरी करताना हजारो लोकांचे अंगठे मी स्वतः शाईत बुडवून कागदावर टेकवले. निवृत्त झाल्यावर वाटलं, त्या अंगठ्यांचं थोडं प्रायश्चित्त घ्यावं. म्हणून आमच्याच ओसरीत बायकांचा साक्षरता वर्ग सुरू केला. रोज दुपारी चार वाजता, नऊ बायका.

घोडं अडलं ते या नऊवर! साक्षरता कार्यालयातून निरोप आला की महिन्याभरात तपासणी आहे, पटावर दहा नावं लागतील, नाहीतर वर्ग बंद. या बायकांनी मग हायवेपलीकडच्या केंद्रात जायचं. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या जानकीबाई नुकत्या बाराखडीपर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी टोपली ओसरीच्या पायरीवर ठेवली आणि मला सरळ विचारलं, "भिया, आधे में छोड़ना था तो पकड़ा काय को था?"

मी दहावी बाई शोधायला निघालो. तुम्ही कधी दारोदार फिरून "तुमच्याकडे कोणी निरक्षर आहे का?" असं विचारलंय? विचारू नका! एका घरातून मला बारावीची गुणपत्रिका दाखवण्यात आली, तीही लॅमिनेट केलेली. दूधवाल्याची आई मला पाहताच आजारी पडली. समोरचे जगदेवराव तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, कारण मी त्यांच्या सासूबाईंची सहज चौकशी केली होती. आठवडाभर फिरून मला एक टोमणा, दोन कप थंड चहा आणि एका कुत्र्याचा पाठलाग एवढंच मिळालं.

त्या दिवशी जेवताना मी चिडचिड करत होतो. अक्का पोळी वाढत होत्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या वहिनी. वय अडुसष्ट, माहेर लोहारद्याचं. दादा गेल्यापासून आमच्याकडेच असतात. चातुर्मासात रोज दुपारी दोन वाजता त्या पोथी वाचतात आणि अर्धी गल्ली ऐकायला येते. चष्म्याशिवाय, कुठंही न अडखळता, अख्खा अध्याय वीस मिनिटांत! एरवी मात्र चष्म्याचा भारी घोळ. लग्नपत्रिका आली की चष्मा सापडत नाही, औषधाची बाटली बघायची तर चष्मा सापडत नाही. त्यांचा चष्मा शोधण्यात माझं निम्मं निवृत्त आयुष्य गेलंय.

अक्का म्हणाल्या, "भावजी, मी बसते की तुमच्या वर्गात."

मला ठसकाच लागला. मग लक्षात आलं की कल्पना झकास आहे. तपासणीपुरतं नाव घालायचं, अक्कांनी चारचौघींत मान खाली घालून बसायचं, आणि वर्ग वाचला! माझ्या बायकोनं, माधवीनं, माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पण ती तशी नेहमीच पाहते. मी पटावर दहावं नाव लिहिलं. लिहिण्याआधी पेन दोनदा झाडलं, कारण नोकरीत मी एकही खोटी नोंद केलेली नाही.

अक्कांना मी बजावलं होतं की फक्त बसायचं. पण त्या भूमिकेत शिरल्या त्या बाहेर यायचं नावच घेईनात. पहिल्या दिवशी 'क' गिरवताना पाटीवर अशी काही वाकडी आकडी काढली की मला हसू आवरेना. मी कानात सांगितलं, इतकं नको, लोकांना संशय येईल. दुसऱ्या दिवशी 'क' तितकाच वाकडा. परातीत पीठ पसरून त्यावर बोटानं 'ग' काढत बसल्या आणि वरण करपलं. दारातल्या रांगोळीत 'म' आला. एकदा तर मी आंघोळ करत असताना दाराबाहेरून विचारलं, "भावजी, 'भ' आणि 'म' मध्ये गाठ कुठं येते?" मी साबणभरल्या तोंडानं ओरडलो की आता घरात कोणी पाहात नाही, नाटक पुरे! संध्याकाळी जानकीबाईंना विचारताना दिसल्या. म्हणजे माझ्या वहिनी, पोथी वाचणाऱ्या, भाजीवालीकडून 'भ' शिकत होत्या. मी कपाळाला हात लावला.

तपासणीला लतिका मॅडम आल्या. तरुण, तरतरीत, आणि नेमकं अक्कांकडे बोट दाखवणाऱ्या. अक्कांनी पोथीच्या सवयीनं धडाधड वाचलं तर खोटी नोंद उघडी पडणार, वर्ग जाणार आणि वर माझी अब्रू! म्हणून मी खूण ठरवून ठेवली होती. मी खोकलो की अक्कांनी अडखळायचं.

मॅडमनी कागद पुढं केला. "माताजी, ये पढ़िए, आराम से."

अक्कांनी चष्मा बाहेर काढला. पहिल्यांदा मला तो पदरातून आपोआप निघताना दिसला. मग बोट ओळीखाली ठेवलं. मी खोकलो. खरं तर गरज नव्हती, त्या आधीच अडखळत होत्या. "दे... वा... स... से..." कपाळावर घाम. मी पुन्हा खोकलो. मॅडमनी मला बाहेर जाऊन पाणी प्यायला सांगितलं. मी उंबऱ्यातच थांबलो. "लो... हा... र..." अक्का थांबल्या. जानकीबाईंनी त्यांचा हात धरला. "लोहारदा," अक्का म्हणाल्या, "लोहारदा जानेवाली बस." आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! काय ती अदाकारी! मॅडमचेही डोळे ओले झाले. वर्ग वाचला.

सगळ्या गेल्यावर मी म्हणालो, "अक्का, नाटकात जायला हवं होतं तुम्ही."

त्या पाटी पुसत होत्या. "भावजी, नाटक पन्नास वर्षं केलं. आज वाचलं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. लहानपणी आई अंथरुणाला खिळलेली, पाठची चार भावंडं अंगावर, त्यामुळे शाळा पाहिलीच नाही. वडील रोज पोथी म्हणायचे, ती ऐकून ऐकून पाठ. मुलगी बघायला आलेल्या आमच्या आजोबांनी नेमकी तीच पोथी पुढं ठेवली. मुलगी वाचते म्हणून पसंत झाली! दादांना माहीत होतं. पान कुठं उलटायचं ते त्यांनीच शिकवलं, सहीसुद्धा. माधवीलाही माहीत होतं. घरात माहीत नव्हतं ते फक्त साक्षरता वर्ग चालवणाऱ्या मला.

मला लाज वाटली, अगदी मनापासून. आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही उठता बसता सात पिढ्या सात पिढ्या करता. त्यांना बट्टा मी लावू?" हजारो अंगठे पाहिलेल्या मला घरातला एक दिसला नव्हता. आणि जी नोंद खोटी म्हणून तीन आठवडे धास्तावलो, ती खरीच निघाली.

आता अक्का पोथी खरोखर वाचतात. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून, पाठ असलेलं मुद्दाम विसरून. वीस मिनिटांचा अध्याय पावणेतीन तास चालतो. चारचा वर्ग पाचला भरतो आणि घरोघरचे चहा सहाला होतात. काल जगदेवराव चहाविना तणतणत माझ्याकडे आले.

"भिया, काय शिकवलं तुम्ही अक्कांना? पहिले किती फर्राटे से वाचायच्या!"