सायकलवरचा समुद्र

गणवीर काकाजी समुद्र सायकलवरून आणत.

हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. महिन्याच्या एखाद्या रविवारी मुंबईहून येणाऱ्या गाडीतून त्यांचा मेव्हणा चार कॅन घेऊन उतरे. काकाजी ते सायकलला दोन्ही बाजूंनी बांधत आणि सायकल हातात धरून स्टेशनपासून पाचपावलीपर्यंत चालत येत. ते दिवस रॉकेलच्या टंचाईचे होते. कॅन दिसले की दोन-चार माणसं मागे लागायचीच.

"कुठं मिळालं गा रॉकेल?"

"रॉकेल नोहे. समुद्र हाये."

विचारणारा त्यांच्या तोंडाकडे बघे आणि हळूच बाजूला होई.

मी तेव्हा काटोलजवळच्या एका खेड्यातून बी.एस्सी.साठी नागपूरला आलो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गणवीर काकू माझ्या आईच्या नात्यातल्या, म्हणून त्यांच्या मागच्या खोलीत माझी सोय झाली. काकाजी खापरखेड्याच्या वीजघरात फिटर होते. धम्मदीक्षेच्या साली ते वडिलांबरोबर गावाहून पायी नागपूरला आले आणि परत गेलेच नाहीत. पाणी, वाफ, हवा आणि नळी या चार गोष्टींवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. बाकी सगळं त्यांच्या मते ऐकीव होतं.

त्यांच्या पुढच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, चार फूट लांबीची काचेची टाकी होती. आत खारं पाणी, समुद्रातले दगड, दगडांवर फुलणारे बटणाएवढे जीव, मधोमध एक मोठं समुद्रफूल आणि त्याच्या पाकळ्यांत लोळणारे दोन नारिंगी मासे. माशांच्या अंगावर पांढरे पट्टे होते. त्यांची नावं संत्र्या आणि मोसंबी.

नागपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे काय, हे सांगायला नको. झिरो माइलच्या दगडाजवळ उभं राहून कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी तो सारखाच लांब. सीताबर्डीवरच्या मासे विकणाऱ्या दुकानदारानं त्यांना सरळ सांगितलं होतं, "काकाजी, गोल्डफिश ठेवा. नागपुरात समुद्र होत नाही."

काकाजी म्हणाले, "काहून नाही?"

हा त्यांचा आवडता शब्द. लोक नमस्कार करतात तसे ते "काहून नाही?" म्हणत. वीजघरात साहेब म्हणाला की हा व्हॉल्व्ह आज दुरुस्त होणार नाही, तर काहून नाही? मी पहिल्याच चाचणीत नापास झालो आणि म्हणालो की इंग्रजीतून शिकणं मला जमणार नाही, तर काहून नाही? मग मी पुन्हा पुस्तक उघडत असे.

पण त्या पावसाळ्यात टाकीचं पाणी पिवळट पडू लागलं. वास येऊ लागला. समुद्रफूल रोज थोडं आक्रसत होतं. समुद्रात घाण वाहून जाते, टाकीत ती कुठे जाणार? त्यावर उपाय होता प्रोटीन स्किमर. हे नाव काकाजींनी फुटपाथवर घेतलेल्या एका जुन्या इंग्रजी मासिकातून उचललं होतं. पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडायचे, त्यांना घाण चिकटते, तिचा फेस होऊन वर चढतो आणि वरच्या पेल्यात सांडतो. पेला ओतून द्यायचा. एवढंच.

मासिक वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी शब्दकोश मांडीवर घेऊन अडखळत वाचायचो. काकू तांदूळ निवडत ऐकायच्या.

"म्हणजे वरणाचा फेस काढतो तसंच नं?" काकूंनी विचारलं.

काकाजींनी मासिकातलं चित्र पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "हो. पण सायन्सनं."

त्या दिवसापासून काकू स्किमरला 'झारा' म्हणू लागल्या.

मासिकात तीन प्रकार होते. पहिला, टाकीतच उभी करायची आखूड नळी. दुसरा, टाकीबाहेरची कमरेएवढी उंच नळी, जिच्यात पाणी वरून खाली येतं आणि बुडबुडे खालून वर जातात. तिसऱ्यात मोटार पाणी इतक्या जोरानं मारते की हवा आपोआप ओढली जाते. तिसरा फक्त परदेशी मिळे. मेव्हण्यानं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे चौकशी केली. व्यापाऱ्यानं चिठ्ठी धाडली, 'इतक्या आत समुद्री टाकी टिकत नाही. यंत्र वाया जाईल. आग्रह करू नये.'

काकाजींनी ती चिठ्ठी टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून चिकटवली, अक्षरं आतल्या बाजूला करून.

"असं काहून?" मी विचारलं.

"मासोळ्यायले बी समजू दे, लोक त्यायच्याबद्दल काय म्हणून राहिले."

मग त्यांनी स्वतःच स्किमर करायला घेतले. पाट्या रंगवणाऱ्याकडून पारदर्शक नळ्या आणल्या. हवा कमी-जास्त करायला सलाइनच्या नळीवरचा चिमटा लावला. खरी अडचण बुडबुड्यांची होती. लाकडाच्या ठोकळ्यातून हवा सोडली की बुडबुडे बारीक येतात, असं मासिकात होतं. पण आपल्याकडचं कुठलं लाकूड? काकाजींनी बादलीत परीक्षा घेतली. सागातून हवाच जाईना. बाभळीतून वाटाण्याएवढे बुडबुडे आले. कडुनिंबाचे बरे होते, पण पाण्याला वास लागला. सुट्टीत घरी गेलो तेव्हा माझ्या वडिलांनी बागेतल्या वठलेल्या संत्र्याची एक फांदी दिली. वडील त्या बागेत मजुरीला जात. एवढं शिकून पोरगा लाकडं कशाला नेतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या लाकडातून असे बुडबुडे आले, की बादलीत धुकं उतरल्यासारखं वाटलं.

"वा रे काटोल!" काकाजी ओरडले. त्यांनी माझ्या वडिलांना कार्ड टाकून आभार मानले. वडिलांना आलेलं ते पहिलं कार्ड.

आता दोन स्किमर तयार होते, एक आखूड आणि एक उंच. आणि इथंच काकाजी अडकले. कुठला लावायचा? आखूड लावायचा तर टाकीतले दगड हलवावे लागणार होते, आणि पंपाची हवा नीट पुरेल ती एकालाच. त्यांनी बादलीत अंड्याचा पांढरा बलक फेटून दोघांची शर्यत लावली. कधी हा जिंके, कधी तो. अर्धा डझन अंडी गेल्यावर काकूंनी अंड्यांचा डबा कुलपात ठेवला. काकाजी ड्यूटीवरून आले की दोन्ही नळ्यांसमोर स्टूल टाकून बसत आणि वधूपरीक्षेला आल्यासारखे एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत.

"लावा नं एक," काकू म्हणत. "तिकडं फूल सुकून राहिलं."

"चुकीचा लागला तं? दुसरी संधी नाही त्यायले."

टाकी पाहायला गल्लीतली माणसं येत. रोज न चुकता येणारी एकच, समोरच्या पौनीकर आजी. सत्तरीच्या पुढच्या, हातमागावर आयुष्य गेलेलं, समुद्र कधी न पाहिलेला. त्या दाराशी खुर्चीत बसून तासभर मासे पाहायच्या. काकू दर वेळी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवायच्या. आजी दर वेळी म्हणायच्या, "आत्ताच पिऊन आली वं." त्या गेल्यावर काकू ते पाणी दारातल्या कुंडीत ओतायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्लास भरून ठेवायच्या. याबद्दल त्या घरात कोणी काही बोलत नसे. मीही विचारलं नाही. मला कळत होतं.

राखी पौर्णिमेच्या दिवशी काकाजी स्टेशनवर समुद्र आणायला गेले होते. काकू माहेरी. मी पुस्तक घेऊन टाकीजवळ बसलो होतो. कोणी काचेला हात लावू नये, एवढंच माझं काम. आजी आल्या. आज त्यांच्या पदराआड फुलपात्र होतं.

"बाबू, कोकणातले लोक आज समुद्राले पुजतात म्हणे."

"हो आजी, पण हा..."

"मले कुठं जाणं होते आता तिकडं? नदी लागली तरी हात जोडते मी. इथं तं समुद्रच घरापुढं येऊन बसला."

मी उठलो. त्यांना अडवायला हवं होतं. पण एवढ्या वयाच्या बाईचा हात धरायचा कसा, आणि त्यातून माझ्यासारख्यानं, या विचारात मी उभाच राहिलो. तेवढ्यात आजींनी वरच्या झाकणाच्या फटीतून फुलपात्रभर दूध टाकीत ओतलं, हळदकुंकवाची चिमूट सोडली आणि डोळे मिटून हात जोडले.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा टाकीत मासे दिसत नव्हते. नुसता पांढरा ढग होता.

"मासोळ्या कुठं गेल्या?" आजी म्हणाल्या.

तेवढ्यात काकाजी दारात आले. त्यांनी टाकी पाहिली, आजींच्या हातातलं फुलपात्र पाहिलं, कुंकू पाहिलं. आता हे घर डोक्यावर घेणार, असं वाटून मी डोळे खाली केले.

"किती?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हे भरून," आजी म्हणाल्या. त्यांनी फुलपात्र पुढे केलं. "मी पुजा केली, बाप्पा..."

"बसा तुमी." काकाजींनी बाह्या सरसावल्या. "शिकलेल्या, ये इकडं. दोन्ही लाव."

जागा नव्हती. त्यांनी दोन दगड उचलून बादलीत ठेवले आणि आखूड नळीला जागा केली. उंच नळी बाहेरून जोडली. आम्ही चार कॅन पाणी काढलं, चार कॅन समुद्र ओतला, हवेचा पंप सुरू केला. पाच मिनिटं झाली असतील, लाइट गेली.

"आता नाही जमत," दारात जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं.

"काहून नाही?" काकाजी पलंगाखाली शिरले आणि त्यांनी ट्रकची ट्यूब ओढून काढली. तिच्या तोंडाला सलाइनचा चिमटा बसवलेला होता. सायकलच्या पंपानं ट्यूबमध्ये हवा भरायची आणि चिमट्यातून ती हळूहळू स्किमरला सोडायची. मी पंप मारू लागलो. माझा दम गेला की गल्लीतलं दुसरं कोणी. 'नागपुरात समुद्र होत नाही' म्हणणारे तीन जण तरी त्या दुपारी घामाघूम होऊन समुद्राला हवा भरत होते. एक जण थांबून म्हणाला, "काकाजी, यापरीस मले पोहायला शिकवा, मी मासोळ्यायले बाहेर घेऊन येतो."

"पंप मार गा, तोंडाची हवा नको वाया घालवू."

आजी खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. "माह्या हातानं झालं," एवढंच पुटपुटत होत्या.

चार वाजेपर्यंत दोन्ही पेल्यांत फेस आला. आखूड नळीचा पातळ, पाणीदार, नुसता खळखळणारा. उंच नळीचा मात्र घट्ट, तपकिरी, साईसारखा थर धरून वर चढत होता. दुधाबरोबर मागची पिवळी घाणही तो ओढून आणत होता. काकाजींनी पेला ओतला, तो पुन्हा भरला. सहा वेळा ओतला. लाइट आली तेव्हा पाणी ताकाच्या निवळीइतपत स्वच्छ झालं होतं, आणि त्यात काहीतरी नारिंगी हललं.

"संत्र्या!" मी ओरडलो.

मोसंबी त्याच्या मागेच होती. समुद्रफूल मुठीएवढं मिटलेलं होतं, पण दगडाला धरून होतं. काकाजींनी आखूड स्किमर उपसून बाजूला ठेवला. "झाला निकाल," ते म्हणाले. "अंड्यानं नाही ठरलं, दुधानं ठरलं." मग ते खाली वाकून आजींना म्हणाले, "आजी, जित्त्या हायेत तुमच्या मासोळ्या. घरी जा, जेवा."

सगळे गेल्यावर ते मोरीत बसून स्किमरचा पेला घासत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"काकाजी, माझी चूक झाली. मी त्यांना अडवायला पाहिजे होतं."

ते घासत राहिले.

"माही माय विहिरीपासून लांब घागर घेऊन बसे," ते म्हणाले. "कोणी वरून ओतलं तं पाणी. नाही तं तशीच घरी. आमी पाण्याजवळ गेलो तं पाणी बाटे." त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला. एक डाग राहिला होता, तो नखानं काढला. "अन् आज त्या बुढीनं माह्या घरच्या पाण्यात दूध वाह्यलं, गा. डोये मिटून हात जोडले त्याले. तिले मी काय बोलू? फेस काय, काढता येते."

दुसऱ्या दिवशी समुद्रफूल अर्धं उघडलं. काकाजींनी मागच्या काचेवरची व्यापाऱ्याची चिठ्ठी काढून टाकली आणि पुढच्या बाजूला पुठ्ठ्याची पाटी लावली. आजी दोन दिवस फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"काय लिवलं गा तिथं?" त्यांनी मला विचारलं.

मी वाचून दाखवलं, "दूध घालू नये. हात जोडले तरी चालेल."

आजींनी हात जोडले. मग आत येऊन रोजच्या खुर्चीत बसल्या. काकूंनी नेहमीसारखा पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. आजी ग्लासाकडे पाहत राहिल्या. 'आत्ताच पिऊन आली' असं त्या दिवशी त्या म्हणाल्या नाहीत.

काकाजी टाकीपुढे स्टुलावर बसून माशांना पाहत असल्यासारखं करत होते. मी त्यांच्या मागेच उभा होतो, म्हणून मला कळलं. टाकीच्या काचेत तो ग्लास स्पष्ट दिसत होता.