सुली पळाली

नाझरसाहेबांमुळं वेल्ह्याची मुक्कामी एसटी एका हिवाळ्यात रोज पाच मिनिटं उशिरा सुटली. त्याचं असं, की आमच्या गावात माणूस पळताना दिसला म्हणजे त्याला एसटी धरायची असणार, एवढंच लोकांना ठाऊक. पहाटेच्या धुक्यातून कानटोपी, मफलर, कचेरीचा बंद गळ्याचा कोट, खाली खाकी अर्धी चड्डी आणि खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, अशा थाटात पन्नाशीचा गृहस्थ धापा टाकत येतोय म्हटल्यावर ड्रायव्हर बिचारा थांबायचा. नाझर हात हलवून ‘जा, जा’ म्हणायचे. त्याला वाटायचं ‘थांब, थांब’ म्हणताहेत. शेवटी दाराशी येऊन, दम खाऊन नाझर सांगायचे, की मला कुठंही जायचं नाही. त्यावर कंडक्टर जे बोलायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नाव त्यांचं गणपतराव. पण कचेरीतल्या टेबलखुर्च्यांपासून जप्तीच्या मालापर्यंत सगळ्याचा कारभार नाझराकडं, आणि त्या नाझरकीनं त्यांचं नाव कधीच गिळून टाकलं होतं. मी त्याच कचेरीत नवा कारकून, मूळचा भोरचा, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचो. साठ सालानंतरची गोष्ट आहे ही. थंडीचं आणि माझं तेव्हापासूनच वाकडं. तोरण्याकडून वारा सुटला की घोंगडीतून नाक बाहेर काढायचा मला वेगळा भत्ता मिळावा असं वाटायचं.

खरं सांगायचं तर पळणारे नाझर नव्हतेच. पळणारी त्यांची लेक, सुलोचना, म्हणजे सुली. तेरा वर्षांची, सातवीतली, आई लहानपणीच गेलेली. घरात बापलेक दोघंच. ही पोरगी चालायचीच नाही, दूध आणायलासुद्धा पळत जायची. सातवीपुढं वेल्ह्यात शाळा नव्हती. भोरच्या शाळेतल्या बाईंनी नाझरांना शब्द दिला होता, की जानेवारीतल्या शर्यतीत मुलगी पहिल्या तिघींत आली तर वसतिगृहात तिची सोय करू. तेव्हापासून सुली पहाटे उठून एकटीच पुलापर्यंत पळायला लागली.

आणि तिथंच घोटाळा झाला. सकाळी विहिरीवर एक बाई दुसरीला म्हणाली, “नाझराची सुली पळती.” वाण्याच्या दुकानापर्यंत येईतो त्याचं ‘सुली पळाली’ झालं, आणि दुपारच्या एसटीनं ती बातमी कामथडीला सुलीच्या मामाच्या दारात उतरली. ‘पळती’ आणि ‘पळाली’ यांत किती अंतर असतं ते मुलीच्या बापाला विचारावं.

दुसऱ्या दिवशी मामा हजर. सोबत काठ्या घेतलेले दोन भाऊबंद. कुटं गेली आन् कुनासंगं, असं विचारत मामा घरात शिरले, तर समोर सुलीच पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मामांनी तांब्या घेतला, पाणी प्यायले आणि पुन्हा तिच्याकडं बघितलं. नाझर शांतपणे म्हणाले, की मेव्हणे, पळाली न्हाई, पळती. काळाची चूक झालीय.

मामा निवले नाहीत. “मंग तर लईच वंगाळ,” ते म्हणाले. “पळून गेली आसती तर एकदाच गेली आसती. ही रोज पळती.” एकट्या पोरीनं रस्त्यानं पळायचं म्हणजे लोक तोंडं बंद ठेवत नाहीत, असं म्हणून त्यांनी निकालच दिला. पहिल्या तिघींत आली तर जाऊ दे भोरला, नाही आली तर माघात लगीन. स्थळ त्यांच्याकडं तयारच होतं. सुली तांब्या घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही.

नाझरांनी रात्रभर विचार केला आणि पहाटे माझी भिंत ठोकली. डॉक्टरांनी वातावर पळायला सांगितलंय असं त्यांनी सगळ्या गावाला सांगून टाकलं. बाप पळणार, बापाला घेरी येऊ नये म्हणून लेक मागनं जाणार, यात कोण काय बोलणार? आणि मी कशाला, असं विचारलं तर म्हणाले, “पंच नको? पंचाशिवाय पंचनामा होतो का कुठं?”

अशी आमची वरात सुरू झाली. पुढं नाझर, मागं मान खाली घालून सुली, आणि सगळ्यांत शेवटी शिव्या घालत मी. लोक हसायचे ते नाझरांच्या चड्डीला, सुलीकडं कुणी बघायचंही नाही. त्या माणसानं स्वतःचं हसं मुद्दाम करून घेतलं होतं. गावाबाहेर लोहाराचं घर लागायचं. ते मागं पडलं की नाझर हळूच म्हणायचे, “शेवटचं घर गेलं.” की सुटली सुली. मग तिच्या मागं “पुढं, पुढं” करत नाझर, ते पार पुलापर्यंत.

पण रोज पहाटे चारला अंथरूण सोडायचं म्हणजे चेष्टा नव्हती. नाझरांनाही थंडी वाजायचीच की. पातळ भिंतीतून मला त्यांचं स्वतःशी चाललेलं कामकाज ऐकू यायचं. “अर्जदाराचं म्हणणं, आज फार गारठा आहे. गारठा कालही होता. सबब अर्ज नामंजूर.” मग घोंगडी झटकल्याचा आवाज, आणि भिंतीवर थाप. मी डोकं दुखतंय म्हणायचो, तर पलीकडून उत्तर यायचं, की पुरावा जोडलेला नाही. पौषात गवतावरचं दव पांढरं पडायला लागलं, माझ्या ओठांना भेगा पडल्या, पण एक दिवस खाडा झाला नाही. आणि लाज सोडून सांगतो, मला त्याची गोडी लागली होती.

शर्यतीच्या दिवशी भोरच्या मैदानावर ही गर्दी. मामाही आले होते, काठीशिवाय. मैदानाला चार फेऱ्या, वीस-बावीस मुली. शिट्टी झाली. आमची सुली सगळ्यांच्या मागं, मान खाली घालून, निवांत पळत होती. एक फेरी झाली, दुसरी झाली. मामा म्हणाले, की झालं, माघात तारीख धरू.

नाझर पांढरेफटक पडले होते. एकदम त्यांच्या लक्षात आलं. दोन महिने पोरीला लोकांदेखत मागं राहायचीच सवय लावली होती त्यांनी, आणि इथं तर चहूकडं लोकच लोक. ते दोरीखालून मैदानात घुसले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “सुले, शेवटचं घर गेलं!”

पोरीनं मान वर केली. आणि मग जी सुटली म्हणता! तिसऱ्या फेरीत निम्म्या मुली मागं टाकल्या, चौथीत एकेक करून वेचल्या. मी कुणाच्या खांद्यावर चढलो होतो ते नंतर कळलं, मामांच्या. ते स्वतःच “पळ, पळ” म्हणून नाचत होते. सुली तिसरी आली. नाझर मात्र मैदानातच फतकल मारून बसले आणि टोपीत तोंड घालून हमसाहमशी रडले.

जूनमध्ये सुली भोरला गेली. एसटी हलेपर्यंत नाझर कंडक्टरशी थट्टामस्करी करत होते. पुढं मग पळायचं कारणच उरलं नाही.

हिवाळा आला. एका पहाटे जाग आली तर शेजारचं दार उघडं. का कोण जाणे, मी बाहेर पडलो. नाझर पुलावर उभे होते, कठड्याला धरून. बरं नाही का, असं विचारलं.

“बरं आहे की,” ते म्हणाले. “पोर जिथं पोचवायची तिथं पोचली, लई चांगलं झालं. पण घरात भांड्याचाही आवाज होत नाही हो. म्हटलं, पळावं. हितवर आलो आणि पाय उचलंना. पुढं कुणीच नाही.”

मी पायजमा खोचला, त्यांना ओलांडून पळत सुटलो, आणि मागून त्यांची पावलं ऐकू येईपर्यंत थांबलो नाही.