खाडीपारची स्वारी आणि बोंबलांच्या दोरीवरचे झबले

श्री मारुती प्रसन्न. शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सर, चैत्र शुद्ध तृतीया, मंदवासर म्हणजे शनिवार, ते दिवशी विद्याभ्यासनिमग्न सौभाग्यवती दमयंतीबाई यांनी खाडी उतरून पैलतीरीच्या रंगीत गावांवर स्वारी केली, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. उणे ते बाईंचे, अधिक ते लिहिणाराचे.

ऐसियास, बाईंचे मूळ ठाणे खेड तालुक्यातील डोंगराआडचा गाव. यजमान मुंबईस चाकरीला. बाईंस मास्तरीण होण्याची ईर्षा उपजली आणि दीड वर्षाचे चिरंजीव बाबल्याराव यांस सासूबाई यमुनाबाईसाहेब यांचे हवाली करून त्या रत्नागिरीस अध्यापक विद्यालयी दाखल जाहल्या. वाट अवघी पाच तासांच्या एस्टीची. परंतु बाईंनी तो परमुलूख मानिला आणि वसतिगृहात विलायतेस गेल्यासारखा शोक मांडिला. मग दिवाळीची रजा सरली, आणि मग पाच महिने गेले, आणि मग सासूबाई नातवास घेऊन दोन दिवसांचे भेटीस आल्या, तो काय अनर्थ वर्णावा! बाबल्यारावांनी मातोश्रींस आपादमस्तक न्याहाळिले, ओळख पटली नाही ऐसे ठरविले, आणि आजीच्या पदराचे किल्ल्यात शिरून दरवाजे लावून घेतले.

बाईंनी लिमलेटच्या गोळ्यांचा नजराणा धाडिला. नजराणा जप्त जाहला, तह नाही. खुळखुळा वाजविला, किल्ल्यातून भोकाडाची तोफ सुटली. तेव्हा बाईंनी मनाशी निर्वाणीचा करार केला की, रविवारी एस्टी सुटेतो पोर आपणाकडे न आले तर विद्येस रामराम, त्याच एस्टीने परत. करार कोणास सांगितला नाही. मात्र पुस्तके ट्रंकेत भरिली, ती यमुनाबाईसाहेबांच्या नजरेस पडली.

मग मसलत ठरली की, पोरास समुद्र दाखवावा, समुद्र पाहून भलेभले विरघळतात. धाकू तांडेलाचे होडीतून कूच जाहले. बाई आघाडीस, मागे सासूबाई, कडेस बाबल्याराव, काखेत ती पिशवी, जीत पोह्यांपासून सुईदोऱ्यापावेतो सर्व सरंजाम. पैलतीरी पाहतात तो घरे निळी, गुलाबी, पोपटी; कारण खारवी लोक होडी रंगवून उरला रंग घरास फासतात, म्हणोन प्रत्येक घरापुढे त्याच रंगाची होडी उभी. बाईंनी बोट दाखवून ‘निळी होडी, गुलाबी होडी’ ऐसे पाठ दिले. बाबल्यारावांनी मान फिरविली. इतक्यात एक लाट आली आणि काठाच्या वाळूत उतरविलेल्या बाबल्यारावांस कंबरेपावेतो नव्हे, गळ्यापावेतो न्हाऊ घालून गेली.

झबले चिंब. बाईंनी ते विहिरीवर खळबळले आणि वाळवणास जागा धुंडिली, तो समोर बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांच्या रांगा, निम्म्या रिकाम्या. डोंगराआडच्या बाईस काय ठावे! त्या मनी म्हणाल्या, ही माणसे किती टापटिपीची, धुण्याकरिता एवढा बंदोबस्त! घटकेत झबले वाळले, पोराचे अंगावर चढले, आणि मग मैना खारवीण टोपली टाकून हसत सुटली.

“अगो बाय माजे! बोंबलांच्या दोरीवर झबला घातलान कोणी? आता गावची मांजरां ह्याला चाटीत फिरतील!”

बाई भुईत शिरावयास जागा पाहू लागल्या. यमुनाबाईसाहेबांनी नाकास पदर लाविला आणि फर्मान सोडिले, “माजा शनवार हाय. मी नाय शिवायची. पोर वाऱ्याला उघडा ठेवू नको, नि माज्याजवळ बी आणू नको. तूच घे.”

येणेप्रमाणे किल्ला आपले हाते खाली जाहला. बाबल्यारावांनी आकांत मांडिला, बाईंच्या कानाची कुडी ओढिली, नाकावर मूठ हाणिली. बाईंनी सर्व वार झेलले आणि सोडिले नाही. मग गुचक्या विरळ जाहल्या, आणि मग मान खांद्यावर आली, आणि मग झोप. परतीस मध्य खाडीत होडी डुलली. पोर दचकून जागे जाहले. समोर आजी बसली होती, तिजकडे हात न करिता त्याने बाईंच्या गळ्याशी तोंड खुपसले आणि म्हटले, “आये.”

धाकूने वल्हे थांबवून पुसले, “वयनी, रडताव कशाला? बुडत नाय होडी.”

रविवारी स्थानकात यमुनाबाईसाहेब खिडकीशी बसल्या. बाबल्याराव हिसके देत बाईंकडे झेपावत होते. त्यांस गुंतवावे म्हणोन सासूबाईंनी पिशवीत हात घातला आणि पोहे काढिले. त्यांसवे एक पिवळे झबले वर आले. खेडहून आणिलेले, धुतलेले, घडी न मोडलेले.

“आत्याबाई, हे काल पिशवीतच होतं?”

“गप ऱ्हा. परीक्षा नीट दे. ह्याला मी बघतंय.”

मोहीम फत्ते जाहली. बाबल्याराव वळणापावेतो “आये, आये” पुकारीत गेले, आणि विजयी बाई फलाटावर ओक्साबोक्शी रडल्या, आणि मग जाऊन त्यांनी पुस्तके ट्रंकेतून काढून फळीवर लाविली. या फत्तेचा शिक्का म्हणजे खांद्यावरील पदराचा बोंबलाचा वास. तो दोन धुण्यांत गेला नाही. तिसरे धुणे बाईंनी धुतले नाही.