पाचव्या दारावरचा जबड्या

'सात दारांचा डोंगर' ही अद्भुत कादंबरी मला शब्दन् शब्द पाठ आहे, असं मी आमच्या प्रांजलला छातीठोकपणे सांगितलं. ती नऊ वर्षांची. पुराव्याशिवाय काही मानत नाही. माझ्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगुआत्या आम्हा भावंडांना हीच कादंबरी वाचून दाखवायची. मी सांगलीतल्या आमच्या वाचनालयातून पुस्तक आणलं आणि जाहीर केलं, रोज एक दार! पाचवं दार ऐकशील तेव्हा जेवण विसरशील!

त्या दारावर जबड्या राक्षस बसलेला. येईल त्याला 'आ कर' म्हणायचा, जिभेखाली बघायचा, आणि तोंडात काही लपवलेलं सापडलं की माणसाचा दगड! राजपुत्र तिथं तीन दिवस आ वासून उभा. माझ्या अंगावर अजून काटा येतो. चार दिवस मी प्रांजलला नुसतं तंगवत ठेवलं.

पाचव्या दिवशी पान उलटलं. 'पाचवे दार उघडेच होते. सर्वजण आत गेले.' पुढच्या ओळीला सहावं दार.

"पप्पा, राक्षस कुठाय?"

नव्या आवृत्तीत गाळलाय, असं मी बोलून गेलो. बोललो आणि मग ते मलाच पटलं. तडक जाऊन ग्रंथपाल गंगाधरकाकांना सांगितलं, की मुलांच्या पुस्तकांवर कात्री चालली आहे. काका आयुष्यभर अशाच एखाद्या प्रकरणाची वाट बघत असावेत. त्यांनी फळ्यावर लिहून टाकलं : 'गाळलेले प्रकरण. मूळ प्रतीतून जाहीर वाचन, रविवारी सकाळी दहा.' खाली माझं नाव! शुक्रवारपर्यंत साठ मुलांनी नावं दिली.

प्रांजल मात्र गंभीर होती. "राक्षस नसला तर मला आधी सांगा. माझे पप्पा खोटं बोलत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलंय."

आता पुरावा हवा होता. जुनी प्रत फक्त आत्याकडे होती. शनिवारी प्रांजलला घेऊन कोरेगावजवळचं आमचं गाव गाठलं. आत्यानं ट्रंकेतून पुस्तक काढलं. कव्हर गेलं होतं, पानं मात्र सगळी जाग्यावर. पाचवे दार उघडेच होते.

जबड्या कुठं गेला, असं मी रडवेल्या आवाजात विचारलं. आत्या जरा लाजली.

"आरं तानाजी, पेरणीच्या आदी बियाण्याच्या शेंगा फोडाय तुमी पोरं बसायचा न्हवं? फोडायचा कमी, खायाचा लय. मी वाचाय लागले की हात चालायचं, पर त्वांडबी चालायचं. मग बसवला दारावर एक राक्षस. तुजी जीभ तर रोज बघायची मी."

म्हणजे तीस वर्षं मनात जपलेला राक्षस बियाणं राखायला नेमलेला! पुस्तकांचं वेड मला ज्या प्रकरणानं लावलं, ते पुस्तकात कधी नव्हतंच. आत्याचं मला अपार कौतुक वाटलं, पण रविवारी साठ मुलांना वाचून काय दाखवायचं? प्रांजलला कशाचंच काही वाटलं नाही. राक्षस पुस्तकातला नाही पण आजीचा आहे, म्हणजे आहेच, असा तिनं निकाल दिला. आणि मग सहाव्या दारावर कोण होतं, हे ती आजीला विचारत बसली.

मी आत्याला सगळी अडचण सांगून उद्या सांगलीला येण्याची गळ घातली. तिनं कोपऱ्यातल्या बियाण्याच्या पोत्यांकडं बघितलं.

"साठ पोरं येत्यात व्हय? मग ती शेंगांची दोन पोती गाडीत टाक."

रविवारी आत्या खुर्चीवर, मुलं गोल करून खाली, प्रत्येकापुढं शेंगांचा ढीग. फळ्याखाली गंगाधरकाकासुद्धा शेंगा फोडत होते. जबड्या आला आणि सभागृहात चिडीचूप झालं. जिभा तपासायला प्रांजलला नेमलं होतं. साडेअकराला दोन्ही पोती रिकामी! साठ तोंडं उघडली, साठही स्वच्छ निघाली.

मग प्रांजल माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"पप्पा, तोंडात काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि तीन दाणे बाहेर पडले.