सरड्याचा लाल गळा

बाळांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही तलमडुगूच्या शाळेत आहात. पुढ्यात काचेची बरणी, बरणीत सरडा, तपासायला साहेब फाटकापर्यंत आलेले, आणि सरडा आपला मातकटच! बसवेल तुम्हाला एका जागी?

मारोतीलाही बसवत नव्हतं. साहेबांदेखत सरड्याचा गळा लाल झाला, तरच तो सरडा घेऊन निर्मल शहरातल्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार होता.

खुशाल गुरुजींनी त्याला समजावलं होतं, "संप्रेरक म्हंजे रक्तातून फिरणारी हाक, गळ्याले लाल व्हाले सांगणारी. कातडीतले ग्राही म्हंजे तिचे कान. मादीच्या कातडीले हे हाक कमी ऐकू येते."

"अन् नराच्या?"

"ज्याची कातडी तिखट कानाची, त्याचा गळा जास्त लाल. माद्या त्याच्यावरच भाळल्या, पिल्लंबी तशीच निघाली. हजारो पिढ्या असंच चालत आलं. आता समोर दुसरा नर दिसला, का हा रंग दाखवते."

म्हणून मारोतीने आईचा आरसा पळवून आणला होता. पण बरणी सावरताना आरसा सारखा हलत होता. सरड्याला स्वतःचं तोंडच धड दिसेना.

"आन इकडं तो आरसा!" शाळेत पाणी भरणाऱ्या भागीरथाबाईंनी तो हिसकावून स्थिर धरला. सरड्याने दोनदा मान डोलवली आणि गळा लालबुंद!

"अवं माय! माह्यं रगत पेलं यानं!" भागीरथाबाई मटकन खाली बसल्या. सकाळपासून कडक उपास होता त्यांचा. पण लाल सरडा दुरूनच बेंबीतून रक्त ओढतो, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? साऱ्या वर्गाने बेंबीवर हात ठेवले.

तेवढ्यात साहेब आत आले. "क्या हुआ?"

"साब, सरडेने बाई का खून पिया!" पोरं एका सुरात ओरडली.

साहेब हसले, पण हातातली फाइल हळूच पोटावर सरकली.

भागीरथाबाईंना साखरेचा चहा पाजला. त्यांना तरतरी आली. इकडे आरसा हटल्यावर सरडाही फिका पडला होता.

"पाहा, भेला तो! रगत वापस केलं त्यानं!" त्या ओरडल्या. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

साहेब म्हणाले, "लडका होशियार है. मगर ये जानवर निर्मल नहीं जाएगा. जिम्मा कौन लेगा?"

मारोतीने सदरा काढून फेकला. उघडं पोट बरणीला टेकवलं आणि आरसा घट्ट धरला. गळा पुन्हा लालभडक.

"मारोत्या, चक्कर येऊन राह्यली का रे?" भागीरथाबाईंनी घाबरत विचारलं.

"नाय. भूक लागून राह्यली."

मग त्याने बरणी उचलली आणि नेऊन थेट साहेबांच्या पोटासमोर धरली.

"साब, अब आपकी बारी. फाइल हटाओ."