पुरावे आणि अपूर्णांक

ज्याने चाळीस वर्षं पोरांच्या डोक्यात अपूर्णांक घातले, त्याला ते चार संगणकांत घालणं काय अवघड? असं मी सोसायटीच्या सभेत छातीठोकपणे म्हणालो. तिथेच चुकलं!

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत तळमजल्यावर एक खोली आहे. तिथे चार जुने संगणक मांडून मी मुलांना गणित शिकवतो. अध्यक्ष सुदर्शनराव घारपुऱ्यांना मात्र तिथे ट्रेडमिल हवी होती.

"रविवारी सगळ्यांसमोर वर्ग चालवून दाखवा, गुरुजी. नाही जमलं, तर सोमवारी ट्रेडमिल!"

मी बुधवार पेठेतून एक काळा डबा आणला. सर्व्हर म्हणतात त्याला. तो तिसऱ्या मजल्यावर माझ्या घरात बसणार आणि त्यातले व्हिडिओ खालच्या चारही संगणकांवर दिसणार. वर एक टाकी, खाली चार नळ. इतकं सोपं! पासवर्ड ठेवला नाही. ज्ञानाला कुलूप कसलं? शिवाय मुलांना गृहपाठ ठेवता यावा म्हणून त्यात कोणीही भर घालू शकेल अशी सोय केली. पहिली विद्यार्थिनी आमची ही, मंदाकिनी. त्यात भर घालायला दहा मिनिटांत शिकली. केवढा अभिमान वाटला मला!

आणि कोणी डबा बंद करू नये म्हणून त्यावर एक पाटी लावली.

रविवारी खोली खचाखच भरली. पहिला धडा झकास झाला. मी मिशीला पीळ भरत होतो, तेवढ्यात पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. चारही पडद्यांवर जास्वंदीचं झाड, झाडाला लोंबकळणारे घारपुरे आणि माझा आवाज!

"पुरावा क्रमांक एक. वेळ सकाळी सहा दहा. इसम: अध्यक्ष. मागची पाटी: फुले तोडू नयेत. पाटी लिहिणारा: हाच इसम."

मिशी सोडून मी संगणकांकडे धावलो. सोसायटीतले नियमभंग मी दोन वर्षं फोनवर टिपत होतो आणि फोनमधलं सगळं आता आपोआप त्याच डब्यात जात होतं! मी धड्यांऐवजी अख्खा डबाच चारही संगणकांना वाटला होता.

एका संगणकाची वायर उपटली. उरलेल्या तीन संगणकांभोवती मुलांनी मला अडवायला कडं केलं. मी घरी फोन लावला.

"अगं, तो काळा डबा बंद कर!"

"नाही करणार."

"का?"

"पाटी आहे. 'हे बटण कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून, प्रत्यक्ष माझ्यासुद्धा, बंद करू नये.' खाली तुमची सही आहे."

"अगं, मीच सांगतोय!"

"तेच तर लिहिलंय!" तिने फोन ठेवला.

इकडे मुलांतून फैझल ओरडला, "सर, झाडावर बारा फुलं होती, काकांनी नऊ नेली. नऊ छेद बारा!"

सवय वाईट. माझ्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास! अतिसंक्षिप्त रूप?"

"तीन छेद चार!" चैताली किंचाळली.

घारपुरे जास्वंदीसारखेच लाल झाले. ते उठणार, इतक्यात पडद्यावर आमच्या हिचा आवाज आला.

"पुरावा क्रमांक दोन, दुरुस्त आवृत्ती. वेळ सकाळी पावणेसहा. इसम: आमचे हे. घारपुऱ्यांच्या दारातला पेपर उचलून, वाचून, शब्दकोडं सोडवून, घडी घालून परत ठेवताना."

"तरीच!" घारपुरे गरजले. "तीन पेपरवाले बदलले मी! कोडं कोण सोडवतं म्हणून!"

"सर, तिसरा पुरावा लावू?" फैझलने विचारलं.

"नको!" सगळी खोली एकदम ओरडली. उरलेल्या एकसष्ट पुराव्यांतली झाडून सगळी मंडळी समोरच बसली होती. कोणी ओला कचरा सुक्यात टाकला होता, कोणी दुसऱ्याच्या जागेत गाडी घातली होती. अर्ध्या मिनिटात ठराव एकमताने मंजूर झाला: खोली वर्गालाच द्यावी, पुरावे आत्ताच पुसावेत. इतकी चटकन सभा आमच्याकडे पूर्वी कधी झाली नव्हती.

पुरावे पुसले. ट्रेडमिल टळली. पेपर आता मी विकत घेतो.

सोमवारपासून घारपुऱ्यांच्या दारावर नवी पाटी आहे: 'पेपरास हात लावू नये. आडव्या सातचे उत्तर मात्र बाहेरूनच सांगावे.'

मी सांगतो. शिक्षक पडलो ना!